सायंदेवाची भीती

देवळाच्या ओवरीत सायंकाळच्या आरतीपूर्वी जी मंडळी जमतात, त्यांच्या बोलण्यात देवाखालोखाल कोणता विषय निघत असेल तर तो गुडघ्यांचा. हे आम्ही थट्टेने म्हणत नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाला प्रदक्षिणा घालताना, साष्टांग नमस्कारातून उठताना, कीर्तनाला मांडी घालून बसताना आपल्या सांध्यांची आठवण होतेच. आणि अलीकडे सभामंडपाच्या कडेने ज्या खुर्च्यांच्या रांगा दिसू लागल्या आहेत, त्यांवरून हे दुखणे किती घरांत शिरले आहे याचा अंदाज करता येतो. दुखणे निघाले की त्यापाठोपाठ उपाय निघतो. एक म्हणतो निर्गुडीचा पाला वाफवून बांधा. दुसरा म्हणतो उपाशीपोटी मेथी घ्या. तिसरा आपल्या मनगटातले तांब्याचे कडे पुढे करतो. चौथ्याला कुठल्याशा गावचा एक माणूस ठाऊक असतो, जो पुड्या देतो आणि जो म्हणे पैशाचा मुळीच लोभी नाही. ऐकणारा ऐकतो, घरी जातो आणि यांतले काहीतरी करून पाहतो. सांगणारा मात्र घरी जाऊन जेवतो आणि विसरतो.

या विसरण्याविषयी आम्हाला चार शब्द लिहावयाचे आहेत. अमुक उपायाने सांधे बरे होतात की नाही हा प्रश्न वैद्यकाचा आहे व त्याचे उत्तर जाणत्या वैद्यांनी द्यावे. परंतु दुसऱ्याला उपाय सांगणे हे नुसते बोलणे आहे की ते एक कर्म आहे? आणि ते कर्म असेल, तर त्याचे फळ कोणाच्या पदरी पडते? हा प्रश्न धर्माचा आहे, आणि तो आपणां सर्वांच्या अंगावर येणारा आहे. कारण आपल्यापैकी ज्याने कोणालाच कधी काही उपाय सांगितला नाही असा मनुष्य शोधूनही सापडावयाचा नाही.

मादन हिप्परगा हे कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातले, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख हैदराबाद राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तथापि माणसांची बोली, त्यांच्या सोयरिकी आणि त्यांची दुखणी यांनी नकाशावरची ती रेघ फारशी मानली नाही. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि दुखणे वाढले की सोलापूर किंवा कलबुर्गी, जिकडची गाडी आधी मिळेल तिकडे. या गावी आमच्या घरोब्याच्या एक वृद्ध बाई आहेत. त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही. सारे गाव त्यांना अक्का म्हणते. अक्कांचा नेम असा की देवळातल्या समईच्या वाती त्यांनी स्वतः वळावयाच्या. कापूस आणावा, सरकी काढावी, कचरा निवडावा, आणि दुपारची निजानीज झाली की पडवीत बसून वाती वळीत राहावे. चातुर्मासात लाख वातींचा संकल्प त्यांनी एकाहून अधिक वेळा सोडला होता. त्यांची वात सारखी जाडीची असे व शेवटपर्यंत न काजळता जळे, असे पुजारी सांगत.

काही वर्षांपूर्वी अक्कांच्या बोटांची पेरे सुजू लागली. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळेना. दोन्ही हातांना सारखेच. गावात याला सरसकट संधिवात म्हणतात. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा म्हातारपणी सांध्यांची झीज होऊन येणारा विकार नव्हे, हा आमवात आहे. झिजलेला गुडघा दुखतो, पण सावकाश. आमवातात शरीराची स्वतःचीच संरक्षक शक्ती भ्रमिष्ट होऊन आपल्याच सांध्यांवर तुटून पडते, आणि पहिल्या वर्ष-दोन वर्षांत तिला आवर घातला नाही तर हाडे कुरतडली जाऊन हात कायमचे वेडेवाकडे होतात. आपल्या आयुर्वेदानेही हा भेद ओळखला होता. संधिगत वाताचे वर्णन चरकात आहे, आणि आमवाताला स्वतंत्र अध्याय देऊन त्याची लक्षणे सविस्तर सांगण्याचा मान माधवकराच्या 'माधवनिदान' या ग्रंथाकडे जातो; त्यालाही आता बाराशे वर्षे होऊन गेली. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यावयाच्या मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या दिल्या, मधूनमधून रक्त तपासावयास सांगितले, आणि गुण दिसावयास दोन-तीन महिने लागतील, तोवर धीर धरा, असे बजावले.

धीर धरणे हे सांगणाऱ्याला सोपे असते. गोळी घेतली की दुसरे दिवशी अक्कांना मळमळे, अन्न जाईना. आणि मूठ तर वळतच नव्हती. महिना-दीड महिना झाला असेल. त्या सुमारास आम्ही त्यांच्याकडे गेलो असता आम्हीच त्यांना म्हणालो की आमच्या एका परिचिताला आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसाच्या पुडीने फार बरे वाटले. निव्वळ झाडपाला आहे, करून पाहण्यास काय हरकत? इतकेच बोलून आम्ही थांबलो नाही. पुढच्या बाजारी त्या पुड्या आम्ही स्वतः आणून दिल्या.

तिसऱ्या दिवशी अक्कांची मूठ वळली. महिनाभरात त्या पूर्वीसारख्या वाती वळू लागल्या. डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या, आणि आम्ही त्यास आडकाठी केली नाही. उलट आमच्या पुडीचा तो विजय आम्ही आणखी पाच घरी सांगितला. पुढे सहा-सात महिन्यांनी अक्कांचा चेहरा गोल होऊन सुजल्यासारखा दिसू लागला. लोक म्हणत, तब्येत सुधारली. पायाला लागलेली ठेच भरून येईना; रक्त तपासले तो साखर चढलेली. अशात तो माणूस बाजारात दिसेनासा झाला आणि पुड्या संपल्या. चार दिवसांत अक्कांना उठवेना, उभे राहिले की भोवळ येई, आणि सांधे पहिल्याहून दुप्पट दुखू लागले. इस्पितळात नेले तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून पहिला प्रश्न विचारला तो असा: 'कोणती पुडी घेत होता?' तपासासाठी द्यावयास पुडी उरली नव्हती. परंतु असा चेहरा, अशी साखर आणि औषध तुटताच अशी गलितगात्र अवस्था ही दीर्घकाळ नकळत पोटात गेलेल्या स्टेरॉइडची खूण होय, असे त्यांनी समजावून सांगितले. वेदना त्या सात महिन्यांत झाकली गेली होती; रोग मात्र झाकणाखाली आपले काम करीत होता. अक्कांची बोटे करंगळीच्या बाजूला झुकली. ती आता कोणत्याही औषधाने सरळ होणार नाहीत.

ज्या द्रव्याने हे केले त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीस कॉर्टिसोन टोचले, आणि जी अंथरुणातून उठू शकत नव्हती ती काही दिवसांतच चालू लागली. १९५० साली हेंच, केंडाल व राइखस्टाइन या तिघांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु थोड्याच काळात त्या चमत्काराची दुसरी बाजू उघडी पडली: हाडे ठिसूळ होतात, साखर चढते, जखमा भरत नाहीत, आणि औषध एकाएकी तोडले तर प्राणावर बेतते. म्हणून आजचे वैद्य ते अगदी तोलून देतात, त्यावर लक्ष ठेवतात, आणि थांबवावयाचे झाल्यास पायरीपायरीने उतरवतात. तेव्हा ते द्रव्य दुष्ट आहे असे म्हणता येणार नाही. एकाच्या हाती त्याला नाव आहे, माप आहे, आणि देणारा उद्या भेटण्याची खात्री आहे. दुसऱ्याच्या हाती ते निनावी होऊन झाडपाल्याच्या भुकटीत दडते. पाप आहे ते या दडविण्यात. आणि दडविणाऱ्याच्या मालाला ज्याने आपल्या सज्जनपणाची हमी दिली, तो या पापातून सर्वस्वी कसा सुटेल?

या प्रसंगानंतर आम्हाला गुरुचरित्राचा तेरावा अध्याय नव्याने वाचावासा वाटला. दत्तसंप्रदायी वाचकांना ती कथा मुखोद्गत असेल. पोटशुळाने गांजलेला एक ब्राह्मण अन्न खाल्ले की तळमळतो, म्हणून महिना-पंधरा दिवसांनी एकदा जेवतो, आणि अखेर गोदावरीत देह टाकावयास निघतो. श्रीनृसिंहसरस्वती त्याला परत बोलावितात आणि तेथे दर्शनास आलेल्या सायंदेवास सांगतात की यास घरी नेऊन उत्तम भोजन घाल. हे सायंदेव परंपरेने कडगंचीचे मानले जातात, आणि कडगंची हे मादन हिप्परग्याच्याच तालुक्यातले गाव. तेव्हा आमच्या भागाला ते घरचेच वाटतात. या सायंदेवांनी गुरूची आज्ञा ऐकून काय केले? ते भ्याले. अन्न हेच ज्याचे वैरी, त्याला अन्न घातले आणि तो दगावला तर ब्रह्महत्या माझ्या माथी येईल, असे त्यांनी प्रत्यक्ष गुरूसमोर बोलून दाखविले. त्यावर गुरूंनी, याला औषध मी देत आहे, तू शंका धरू नकोस, असे सांगून भार स्वतःवर घेतला. मगच सायंदेवांच्या घरी वडे, दूध, साखर असे भोजन झाले, गुरू स्वतः त्या पंक्तीस बसले, आणि ब्राह्मणाची व्यथा गेली.

आजवर आम्ही ही कथा गुरूंच्या सामर्थ्याची म्हणून वाचीत आलो. आता वाचताना आमची दृष्टी सायंदेवांच्या भीतीवर थांबली. सांगणारा साक्षात सद्गुरू, सांगितलेली वस्तू शुद्ध अन्न, मनात परोपकाराखेरीज काही नाही. आणि तरीही हा सज्जन गृहस्थ आधी विचारतो की हा मेला तर? ही भीती अश्रद्धेची खासच नव्हे, कारण त्याच्या श्रद्धेचे कौतुक पुढच्या अध्यायातही आहे. दुसऱ्याच्या देहाविषयी ज्याला आदर आहे त्याच्या ठायी ती सहजच उपजते. शिवाय त्याने आणखी दोन गोष्टी केल्या. उपाय त्याने स्वतःच्या घरी, स्वतःच्या पदरचे घालून केला. आणि परिणाम दिसेपर्यंत तो रोग्याच्या जवळ राहिला. आमच्याजवळ या तिन्हींपैकी काहीही नव्हते. आम्ही भ्यालो नाही, आमचे काही खर्ची पडले नाही, आणि अक्कांचा चेहरा सुजत होता तेव्हा आम्ही आमच्या गावी होतो.

उपाय सांगणे म्हणजे जामीन राहणे होय, असे आम्हाला आता वाटते. सावकाराच्या कागदावर दुसऱ्यासाठी सही करताना आपण दहादा विचार करतो, कारण उद्या तो बुडाला तर आपले घर जाईल हे ठाऊक असते. शेजाऱ्याच्या देहाच्या कागदावर मात्र आपण गप्पांच्या ओघात सही करतो. सरकारने १९५४ साली औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला, आणि ज्या रोगांवर हमखास उपायाची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत संधिवातही घातला. पण कायद्याचा हात जाहिरातदारापर्यंत पोहोचतो. ओवरीत आपुलकीने दिलेल्या सल्ल्यापर्यंत तो पोहोचत नाही, आणि पोहोचूही नये. तेथे माणसाने स्वतःच स्वतःचा पहारेकरी झाले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, मग आम्ही गप्पच बसावे काय? डॉक्टराखेरीज जे जे सांगितले जाते ते सारे खोटेच काय? आमचे म्हणणे तसे नाही, आणि वस्तुस्थितीही तशी नाही. नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात सालई वृक्षाच्या डिंकाचे सत्त्व गुडघ्याच्या झिजेने त्रस्त अशा ३० रोग्यांना देऊन पाहिले गेले. खरे औषध कोणाला व दिखाऊ कोणाला हे रोग्यास कळू न देता केलेल्या त्या परीक्षेत सालईने दुखणे व सूज कमी झाल्याचे आढळले, आणि तो वृत्तांत २००३ साली प्रसिद्ध झाला. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी सुंठ, गुळवेल, आवळा, सालई अशा द्रव्यांचे योग आधुनिक गोळ्यांच्या शेजारी ठेवून ४४० रोग्यांवर २४ आठवडे पारखले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार गुडघेदुखीवर ते योग त्या गोळ्यांच्या बरोबरीने उतरले. पण त्याच संशोधकांनी प्रामाणिकपणे हेही नोंदले की काही रोग्यांच्या रक्तात यकृतावर ताण पडल्याची चिन्हे दिसली व त्यांना औषध थांबवावे लागले. झाडपाला आहे म्हणून निरुपद्रवी, हे आमचे वाक्य त्या एका नोंदीने खोटे ठरते. उलट, तांब्याचे कडे घ्या. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाने आमवाताच्या ७० रोग्यांना तांब्याची व चुंबकाची कडी बांधून पाहिली. २०१३ सालच्या त्या परीक्षेत दिखाऊ कड्यांहून त्यांचा काही अधिक उपयोग दिसला नाही.

आणि नवे ते सारे सोने असेही कोणी समजू नये. अमेरिकेत ह्यूस्टन येथे गुडघ्यात दुर्बीण घालून आतला भाग धुण्या-खरवडण्याची शस्त्रक्रिया १८० रोग्यांवर पारखली गेली. त्यांतल्या काहींच्या गुडघ्यावर नुसतेच छेद घेऊन टाके घातले होते, आत काहीच केले नव्हते. आणि दोन वर्षांनी पाहता दोघांचे दुखणे सारखेच होते. हा वृत्तांत २००२ सालचा. तात्पर्य, सीमारेषा जुने आणि नवे, देशी आणि विदेशी यांच्यामध्ये नाही. पारखलेले आणि न पारखलेले, उघड आणि दडविलेले, यांच्यामध्ये ती आहे. चरकाचार्यांनीही औषधाची कसोटी त्याच्या कुळावरून लावली नाही. ज्याने आरोग्य येते तेच योग्य औषध, असा त्यांचा रोकडा निवाडा आहे. आणि वैद्याचा वेष घेऊन शरण आलेल्या रोग्याकडून धन घेणाऱ्याविषयी ते लिहितात की त्यापेक्षा सापाचे विष किंवा उकळते तांबे पिणे बरे. इतके कठोर शब्द शास्त्रकार सहसा वापरीत नाहीत.

तरीही एक गुंता राहतोच. निर्गुडीच्या तेलाने बोटे सरळ होत नाहीत हे खरे; पण तेल चोळल्यावर अक्कांना त्या रात्री झोप लागते हेही खरे. आपल्या भाषेत 'औषधाचा गुण आला' असे म्हणतात, तसाच 'हातगुण' असाही एक शब्द आहे. औषध तेच, पण अमुकाच्या हातून घेतले की बरे वाटते, हे आपल्या पूर्वजांनी पाहिले आणि त्याला नाव दिले. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. म्हणजे सेवा करणारे माणूस हा चिकित्सेचा चौथा हिस्सा झाला. आणि त्या माणसाच्या अंगी जे गुण असावेत त्यांत दक्षता व शुचिता यांच्या जोडीला रोग्याविषयीचा अनुरागही गणला आहे. तेव्हा दिवसभर शेतात राबून आलेली सून रात्री सासूची बोटे ऊन तेलाने चोळते, तेव्हा तेलात काही असो वा नसो, चिकित्सेचा एक पाद तेथे हजर असतो. त्यास भ्रम म्हणणे हा उद्धटपणा होईल.

मग हा दिलासा टिकावा म्हणून थोडे असत्य बोलावे काय? 'चोळत राहा, बोटे सरळ होतील' असे म्हटल्याने म्हातारीला आशा वाटत असेल, तर त्यात वाईट काय? पुष्कळ सज्जन माणसे या ठिकाणी असत्याच्या बाजूने कौल देतात. आम्हीही पूर्वी दिला असता. परंतु दिलाशाला असत्याचा आधार लागतोच, हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे. हार्वर्डचे टेड कॅप्चक यांनी २०१० साली पोटाच्या एका जुनाट विकाराच्या ८० रोग्यांवर असा प्रयोग प्रसिद्ध केला की काहींना औषधहीन गोळ्या दिल्या, आणि त्या औषधहीन आहेत हे स्पष्ट सांगूनच दिल्या. तरीही काहीच न घेणाऱ्यांपेक्षा त्यांना अधिक बरे वाटले. २०१६ साली लिस्बनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ९७ रोग्यांवर केलेल्या प्रयोगातही तसेच दिसून आले. खरे सांगितल्याने गुण पळून जातो, ही आपली समजूत निदान पुरती खरी नाही. मायेने दिलेली वस्तू, तिच्याविषयी खरे सांगूनही, काहीएक काम करते.

देवाच्या दारी जाणाऱ्यांनी तर असत्याला अगदीच भिण्याचे कारण आहे. चरकाने चिकित्सेचे तीन प्रकार केले आहेत: मंत्र, जप, व्रत, तीर्थयात्रा ही दैवव्यपाश्रय, आहार व औषध ही युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहितापासून आवरणे हा सत्त्वावजय. तिघांना त्यांनी स्वतंत्र नावे दिली, यातच मोठे शहाणपण आहे. आमच्या कोंकणी वाचकांपैकी कोचीनकडच्या मंडळींना गुरुवायूरची कथा ठाऊक असेल. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी यांना वाताने जखडले. कथा सांगते की ती व्यथा मूळची त्यांच्या गुरूंची, अच्युत पिषारडींची. शिष्याने ती आपल्या अंगावर मागून घेतली. गुरुवायूरच्या देवापुढे बसून रोज एक दशक याप्रमाणे त्यांनी शंभर दशकांचे 'नारायणीय' रचले, आणि शेवटी ते व्यथामुक्त झाले. भक्त ही कथा श्रद्धेने ऐकतो, आणि ऐकावी. पण भट्टतिरींनी काय केले ते नीट पाहावे. त्यांनी दुसऱ्याचे दुखणे आपल्याकडे घेतले. आपली खात्री दुसऱ्याच्या गळ्यात बांधली नाही. स्वतःसाठी गाणगापूरच्या संगमावर स्नान करावे, नवस बोलावा, जप करावा. हा रोग्याचा आणि त्याच्या देवाचा व्यवहार आहे, त्यात तिऱ्हाइताने पडू नये. परंतु 'हा जप कर आणि गोळ्या सोड' असे जो म्हणतो, तो दैवाचे नाव घेऊन युक्तीची जागा बळकावतो. आणि फळ उलटे झाले की दोष रोग्याच्या श्रद्धेवर टाकून मोकळा होतो.

आणखी एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली. प्रौढांपैकी शंभरात सुमारे अठरांनी हाडासांध्यांची वा स्नायूंची काही ना काही तक्रार सांगितली. पण खरा आमवात निघाला तो दोनशेत एखाद्याला. म्हणजे ओवरीत दुखणे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांना शेक, तेल, थोडा व्यायाम आणि वजनावर ताबा यांनी बरे वाटेल, आणि मेथीने त्यांचे काही बिघडणार नाही. आपला उपाय लागू पडतो असा अनुभव सांगणाऱ्याला पुनःपुन्हा येतो तो यामुळेच. पण त्याच घोळक्यात कधीतरी एखादी अक्का बसलेली असते, जिचा प्रत्येक महिना मोलाचा असतो; आणि ती कोणती हे सांगणाऱ्याला वरून कळत नाही. ज्याला हे कळत नाही त्याने निदान इतके विचारावे: सकाळी सांधे किती वेळ आखडतात? बोटे सुजतात काय? डॉक्टरांना दाखविले काय? चालू औषध सोडणार तर नाही ना? आणि पुडीवर जर बनविणाऱ्याचे नाव, द्रव्यांची यादी व तारीख नसेल, तर सांगणाऱ्याने आपली जीभ आवरावी. २००४ साली अमेरिकेत बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल सापडले होते, आणि ती तर दुकानात उघड मांडलेली होती.

आम्ही स्वतःपुरता एक नेम केला आहे. उपाय सांगावयाचा तर त्या माणसाबरोबर डॉक्टरांच्या दारापर्यंत जाण्याची तयारी ठेवावयाची, आणि पंधरवड्याने त्याच्या घरी जाऊन कसे आहे ते पाहावयाचे. ही तयारी नसेल तर नुसते ऐकून घ्यावयाचे. दुखणे ऐकून घेणे हेही थोडे नाही. ज्या पाच घरी आम्ही त्या पुडीची कीर्ती सांगितली होती, तेथे आम्ही पुन्हा जाऊन आलो. दोघांनी ती घेतली होती. त्यांना पुडी एकाएकी न सोडता आधी डॉक्टरांकडे नेले. ते जाणे आमच्या आयुष्यातल्या अत्यंत लाजिरवाण्या वाटचालींपैकी एक होते.

अक्का आता पुन्हा डॉक्टरांच्या औषधावर आहेत. साखर आटोक्यात आहे, दुखणेही पुष्कळ कमी आहे. वाती त्यांची नात वळते आणि अक्का शेजारी बसून, कापूस सैल आहे, पीळ कमी पडला, असे सांगत असतात. त्यांनी आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही. मागच्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सून वाटीत तेल ऊन करून घेऊन आली. अक्का आमच्याकडे पाहत म्हणाल्या, 'भाऊ, खरं सांगा. या तेलानं बोटं सरळ होतील का?'

पूर्वी आम्ही काय उत्तर दिले असते ते आम्हाला चांगले ठाऊक आहे. त्या दिवशी आम्ही म्हणालो, 'नाही अक्का, सरळ नाही होणार. आजची रात्र दुखणं थोडं हलकं होईल, इतकंच.'

अक्का क्षणभर थांबल्या. मग त्यांनी सुनेपुढे दोन्ही हात केले आणि म्हणाल्या, 'मला ठाऊक होतं. चोळ गं, तेल निवेल.'